तीन बोटं

"अजून थोडी वर घ्या," काका म्हणाले. "हिला दणके सोसत नाहीत."

गाडी लिफ्टवर होती, चारही चाकं उतरवलेली. मिस्त्रीने पाना लावून स्प्रिंगखालची चकती आणखी चार आटे फिरवली. चकती वर सरकली की गाडी उंच होते, स्प्रिंगला दबायला जागा मिळते आणि मग ती मऊही ठेवता येते. दीड वर्षातली ही सहावी खेप. दर खेपेला गाडी थोडी वर, थोडी मऊ.

काकू बाकावर बसल्या होत्या. दारातून आलेलं दुपारचं ऊन त्यांच्या पावलांवर पडलं होतं. त्यांना ते फक्त कोमट लागत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. त्याआधी सव्वीस वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या. ही गाडी त्यांचीच. काका जन्मभर शेजारी बसून डुलक्या काढणारे. पण बायको घरात कोंडून पडू नये म्हणून त्यांनी बासष्टाव्या वर्षी परवाना काढला. पहिल्याच दिवशी फाटकाला ठोकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले.

तरी काकूंनी हळूहळू बाहेर पडणं सोडलं. बहिणीकडे नको, बागेत नको. गाडीत बसल्या की दाराची मूठ धरून गप्प. काका घरी परतले की मिस्त्रीला फोन लावायचे, "अजून कुठेतरी दणका बसतोय बघा."

चाकं चढली. तिघं चक्कर मारायला निघाले. मिस्त्री मागे बसला. गाडी सुरेख चालत होती. खड्डा आला आणि गेला, कुणाला पत्ता नाही. वळणावर ती नावेसारखी कलायची आणि सावकाश सरळ व्हायची. दुकानं, कुंपणं, माणसं काचेबाहेरून नुसती वाहत होती. आपल्या कामाचं मिस्त्रीला मनातून कौतुक वाटलं. मग त्याचं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. मूठ आवळून बोटं पांढरी पडली होती.

"ढगातून चाललोय की नाही?" काकांनी विचारलं.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "झालं असेल तर घरी जाऊ या."

वर्कशॉपमध्ये उतरल्या उतरल्या काका म्हणाले, "बघितलंत? अजून एखादा आटा…"

मिस्त्रीने त्यांना हातानेच थांबवलं. दीड वर्षात त्याने जे काही विचारलं होतं ते काकांनाच. काकू पुन्हा बाकावर टेकल्या होत्या. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"काकू, तुम्हाला कशी हवीय गाडी?"

काकू उठल्या, बॉनेट चाचपत पुढच्या चाकापाशी गेल्या आणि वाकल्या. टायर आणि मडगार्डमधल्या फटीत त्यांनी हात घातला. आख्खा पंजा उभा आत गेला.

"इथे माझी दोन बोटं मावायची," त्या म्हणाल्या. "आडवी. दोनच."

"अगं, पण दणके केवढे बसतील!"

"बसू देत." त्या उभ्या राहिल्या. "अहो, डोळे गेले तेव्हा वाटलं होतं, निदान रस्ता तरी राहील माझ्याकडे. तो मला सीटखालूनच पाठ आहे. तुम्ही एकेक आटा करून तोही काढून घेतलात. आता गाडीत बसले की कुठेच नसते मी."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बोलली का नाहीस?"

"किती हौसेने करत होतात तुम्ही."

मिस्त्री फटीकडे बघत म्हणाला, "दोन बोटं ठेवली तर गाडीचं पोट घासेल, काकू. गतिरोधक आता उंच झालेत. तीन ठेवतो."

"अडीच."

"अर्धं बोट कुठून आणू?"

काकू हसल्या. काकांनी ते हसू कितीतरी महिन्यांनी ऐकलं. "बरं, तीन," त्या म्हणाल्या. "नाहीतरी बोटं आता बारीकच झालीत माझी."

चकत्या खाली आल्या. स्प्रिंग पुन्हा कडक झाल्या. काकांनी कोट काढून ठेवला आणि शेवटपर्यंत स्वतः टॉर्च धरली. काकूंनी चारही चाकांपाशी वाकून बोटं घालून पाहिली. मागचं डावं चाक त्यांनी परत करायला लावलं.

संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात गाडी पुन्हा रस्त्याला लागली. पहिल्या खड्ड्याला तिघंही हादरले. काकांनी चोरून शेजारी पाहिलं. काकूंनी मूठ सोडून दिली होती. दोन्ही तळवे मांडीवर उघडे होते, ओंजळीत काही पडायची वाट पाहावी तसे.

"दगडी फरशी," त्या म्हणाल्या. "छापखान्याची गल्ली."

"हो."

"हा पुलाचा पहिला सांधा. हा दुसरा. पाणी खाली गेलंय का हो?"

"बरंच गेलंय."

"आता उजवं चाक उचललं जाईल… हं. मुळांनी डांबर फुगवलंय. म्हणजे आपण झाडांखाली आहोत. सावली आहे ना?"

सावली होती. पानांची नक्षी काचेवरून, काकूंच्या कपाळावरून, गळ्यावरून सरकत होती. "आहे," एवढंच काका म्हणाले. गाव चाकांखालून वर येत होतं आणि काकूंच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत होतं.

तिठ्यापाशी काकांनी वेग कमी केला. इंडिकेटर टिकटिकू लागला.

"उजवीकडे कशाला?" काकूंनी विचारलं.

"मिस्त्रींना सोडायला नको?"

वर्कशॉपमध्ये दोन गाड्या मिस्त्रीची वाट पाहत उभ्या होत्या. तो मागे टेकून बसला.

"मला काही घाई नाही," तो म्हणाला.

"मग सरळ घ्या," काकू म्हणाल्या. "मला अजून बघायचंय."