राखीव निधी

आमच्या वनरक्षक संघाचे खजिनदार सोमाजीभाऊ हाडाचे वनपाल. संघाच्या राखीव निधीवर ते राखीव जंगलासारखाच पहारा ठेवत. शहाऐंशी साली गस्तीवर असलेल्या आमच्यातल्या खुशालचा अस्वलानं जबडा फाडला, जखम चिघळली. नागपूरच्या ऑपरेशनला दोन हजार हवे होते आणि निधीत अकरा हजार नुसते व्याज खात पडले होते. तीन बैठका झाल्या. सोमाजीभाऊंचं एकच पालुपद, "राखीव म्हणजे राखीव. जंगलातली काडी तोडू देतो का मी कोणाले?" आम्ही कपाळाला हात लावला. चौथ्या बैठकीला खुशालची बायको रुखमा स्वतः आली. "भाऊ, राखीव जंगलातून मयतीले लाकूड देता का नाई?" "देतो ना. मयतीले कोण नाई म्हणते?" "मंग ह्यायले मरू देऊ का? तवा काढसान पैसे?" सोमाजीभाऊंनी चेकबुक काढलं. सही करून आम्हालाच दरडावलं, "यंदा आता तोड बंद."