पलंगाखालचे डोळे

औक्षणाचं तबक तसंच राहिलं. दत्तक घेतलेली सहा वर्षांची मुलगी दारातली गर्दी आणि तोंडासमोर आलेलं निरांजन पाहून बिथरली, ती थेट पलंगाखाली शिरली. तिथे घरातली मांजर, खारी, आधीच दडून बसली होती.

"अगं, हाताला धरून ओढ तिला," सासूबाई म्हणाल्या.

वृंदाने हात पुढे केलाही. पण खारीला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवलं. ओढू नका. टक लावून पाहू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा. विश्वास बसला की मांजरही मिटेल.

तिने हात जोडून सगळ्यांना निरोप दिला, शिऱ्याची वाटी पलंगाशी सरकवली आणि फरशीवर आडवी झाली. पडद्यातून दुपारचं ऊन झिरपत होतं. घर पाण्याखाली गेल्यासारखं संथ झालं. आतल्या काळोखात चार डोळे दिसत होते. वृंदाने आपले मिटले, उघडले, पुन्हा मिटले. किती वेळ, कोण जाणे.

आधी खारीने मिटले. मग, बऱ्याच वेळाने, मुलीने.

काळोखातून इवलासा आवाज आला, "हिला पण तुम्हीच आणलंत?"