लाट नाही, वारा नाही

मंगळवार. वेळशेत किनारा, सकाळी सात. लाट: नाही. वारा: नाही. पाणी: काचेसारखं. उद्याही असंच.

सलग अकरावा दिवस. आनंदरावांनी पत्नीच्या, वासंतीबाईंच्या फोनवरचा तो मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. लाटच नाही, तर लाटेवर उभं राहायला शिकवणारा माणूस अंदाज कसला देतो? दुकान बंद असताना रोज सकाळी येऊन ‘दुकान बंद आहे’ अशी पाटी कोणी लिहितं का?

साकेत लिहीत होता. त्यांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी डोंबिवलीतली चांगली नोकरी सोडून तो कोकणात वेळशेतला गेला आणि लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकवू लागला.

“पाण्यावर उभं राहणं हा काय धंदा आहे?” आनंदराव तेव्हा म्हणाले होते. पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. पाण्याबद्दल शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत.

“तुम्ही कधी उतरलात का पाण्यात?” साकेतने विचारलं होतं.

आनंदरावांना पोहता येत नव्हतं. त्यांनी आपल्या फोनवर त्याचा नंबर ब्लॉक केला. पुढे राग उतरला, पण ब्लॉक काढतात कसा ते येईना. आणि विचारायचं कोणाला?

नोव्हेंबरात वासंतीबाई गेल्या. तेराव्याला सगळे पांगल्यावर साकेत दारात बूट घालत होता. आनंदराव तिचा बंद पडलेला फोन चार्जिंगला लावत होते.

“कशाला लावताय?”

“बॅटरी खराब होते.”

चार वर्षांत एवढंच बोलणं.

मग एका सकाळी त्या फोनवर हा अंदाज दिसला. वासंती आपल्याला न सांगता रोज हे वाचत असणार! त्यांना थोडा राग आला, थोडं हसू आलं. मग तिच्या जागी ते वाचू लागले. फक्त त्या दिवसाचं. शिळा अंदाज वाचून करायचंय काय, म्हणून मागे कधी गेले नाहीत.

बुधवार. लाट: नाही. वारा: नाही. ठाण्यात दुपारी छत्तीस अंश. टोपीशिवाय बाहेर पडू नये.

ठाण्यात? असेल. गिऱ्हाईकं इकडचीच असतील. टोपी घालून ते बाळकुम नाक्यावर भाजी आणायला गेले.

गुरुवार. लाट: नाही. ओहोटीची वाळू घट्ट. दुखऱ्या गुडघ्यांना चालायला सोपी.

लाटेवर उभं राहून पोरांचे गुडघे जात असणार. म्हटलंच होतं मी.

शुक्रवार. लाट: घोट्याएवढी. नवशिक्यांसाठी उत्तम. पोहता येत नसलं तरी चालेल. वयाची अट नाही.

शनिवार. लाट: नाही. ठाण्याहून येणाऱ्यांनी शीळफाटा सकाळी सहाच्या आत ओलांडावा. नंतर अडकाल. उद्याही असंच.

हे हवामान आहे की काय आहे? त्यांनी फोन उलटा ठेवला. मग परत सुलटा केला.

रविवारी सकाळीच डोंबिवलीहून मुलगी आली, देवयानी. चहा व्हायच्या आधीच तिने आईचा फोन उचलला.

“बाबा, ह्या नंबरची मुदत आज संपतेय. बंदच करून टाकू या.”

“राहू दे की.”

“कशाला? कोणाचे फोन येतात त्याच्यावर?”

आनंदरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आधी सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडते. भिशी, बाहेर. भजनी मंडळ, बाहेर. सोसायटी लेडीज...अरे बापरे, केवढी भांडणं! बाहेर.”

आनंदराव तिच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा खाली खाली येत होता.

“तो नको.”

“कुठला?”

“समुद्राचा.”

देवयानीने मान वर केली. “तुम्ही वाचता?”

“वाचतो म्हणजे...अंदाज असतो. भरती, ओहोटी. लोकांच्या उपयोगाचं असतं. चाळीस-पन्नास माणसं असतील त्यात.”

तिने ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं.

“दोन आहेत.”

“दोनशे?”

“दोन, बाबा. एक दादा, एक आई.”

आत चहा उतू गेल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

“म्हणजे हे सगळं तो तिच्यासाठी लिहायचा,” आनंदराव हळूच म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. “पण तिला तर पोहता येत होतं. माहेरच्या विहिरीत उड्या मारायची ती. आणि तिचे गुडघे ठणठणीत होते. शेवटपर्यंत तीन जिने चढायची. गुडघे तर माझे...”

देवयानी आणखी खाली गेली होती. तिथे ग्रुप कोणी केला आणि कधी केला, ते लिहिलेलं असतं. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन त्यांच्यापुढे धरला.

आनंदरावांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. तारीख नोव्हेंबरातली होती. वासंतीबाईंच्या तेराव्याची.

बराच वेळ खोलीत लाट नव्हती, वारा नव्हता.

“देवू,” ते म्हणाले, “शीळफाटा सहाच्या आत ओलांडायचा, तर इथून किती वाजता निघायला लागेल गं?”