पिवळी बादली

मामीने गाडीला लावलेल्या फळीवर पुढचा उजवा पाय ठेवला, थोडा विचार केला आणि मागे घेतला. त्या पायाच्या खुराचा टवका उडालेला होता, त्यामुळे मातीतल्या ठशावरून तिचा नकारही ओळखू येई. मास्तर बादली खुळखुळवतच राहिले.

"शुक्रवार जवळ आला, मास्तर," डॉक्टरीणबाई कुंपणाबाहेरून म्हणाल्या.

संस्थेचा नियम साधा होता. सोडवून आणलेली तट्टं शिकवायची आणि टेकडीवरच्या कुरणात मोकळी सोडायची. वर्षातून दोनदा लस टोचायला त्यांना गाडीतून खाली आणावं लागे. म्हणून जे गाडीत चढत नाही ते टेकडीवर जात नाही, आणि पागेत जागा नसल्यामुळे ते कुठेच राहत नाही. त्याला डॉक्टरीणबाई शेवटचं इंजेक्शन देत. अगदी हळुवार हाताने.

मामीला खाटकाच्या गाडीतूनच उतरवून आणलेलं. गाडी या विषयावर तिची मतं ठाम होती. 'मामी' हे नाव तिच्या रुसण्यावरून पडलं. मास्तरांच्या सख्ख्या मामीही अशाच तोंड फिरवून बसत, त्या शेवटपर्यंत बसल्या.

बाकीची अकरा तट्टं मास्तरांनी तीन आठवड्यांत माणसाळवली होती. पिवळ्या बादलीत मूठभर दाणा. ती खुळखुळली की यायचं, तिच्यामागे फळी चढायची, वर गेल्यावर खायचं. दोरी ओढायची नाही, आवाज चढवायचा नाही. मास्तर मामीच्या कानाशी इतकं गोड बोलत, की डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने एकदा ते ऐकलं आणि आपल्याही लग्नाला सव्वीस वर्षं झाल्याचं त्यांच्या कानावर घातलं.

"एकट्या माझ्यावर विश्वास बसून काय उपयोग?" मास्तर म्हणत. "कुठल्याही माणसावर बसला पाहिजे."

म्हणून रविवारी ते बादली पाहुण्यांच्या हाती देत. संस्थेने तशाच पिवळ्या बादल्या, वर हसरं तट्टू छापून, भेट द्यायला करून घेतल्या होत्या. त्या रविवारी करड्या सदऱ्यातले एक गृहस्थ आले. बाकीचे लोक फोटो काढत होते. हे प्रश्न विचारत होते. एकेक तट्टू किती किलोचं? टेकडीवर गाडी जाते का? गुडघे दुखतात हो. मास्तरांना अशी जिज्ञासू माणसं आवडत. गृहस्थांनी बादली खुळखुळवली आणि अकरा तट्टं त्यांच्यामागे ओळीने फळी चढली. मामीने मात्र त्यांची बाही हुंगली, कान पाडले आणि थेट कुंपण गाठलं.

मास्तरांनी तिच्या वतीने माफी मागितली. "अजून माणूस ओळखत नाही," ते म्हणाले.

"शिकेल हळूहळू," गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले. जाताना त्यांनी आठवण म्हणून एक बादली नेली.

गुरुवारी मास्तर हरले. फळीवर मामीकडे पाठ करून बसले आणि बादली सवयीने खुळखुळवत राहिले. बऱ्याच वेळाने मानेवर गरम श्वास लागला. मामी त्यांना ओलांडून वर गेली आणि आतून, उशीर का करताय, अशा नजरेने पाहू लागली.

डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारचा कागद फाडला. मास्तर बराच वेळ नाक पुसत होते. गवताचा त्रास होतो, असं त्यांनी न विचारता सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाराही तट्टं टेकडीवर सुटली.

दहाव्या दिवशी टेकडीच्या राखणदाराचा फोन आला. मास्तर धापा टाकत वर पोचले. कुंपण शाबूत, फाटकाला कडी लावलेली. कुरण रिकामं.

"ना धावपळ, ना खिंकाळणं," राखणदार म्हणाला. "नाहीतर मला जाग आली असती."

फाटकाजवळच्या चिखलात मोठ्या गाडीची चाकं उमटली होती. बाजूला पिवळी बादली कलंडलेली, वरचं तट्टू हसत होतं. बादलीत दाणा नव्हता. नुसते खडे.

मास्तर चिखलात गुडघ्यांवर बसले. एक तरी टाप मागे वळलेली असेल, टवका उडालेली, आडमुठी, म्हणून ते शोधू लागले.

ती सापडली. गाडीकडे सरळ गेली होती, आणि बाकीच्या अकरा जणांच्या टापा तिच्यावर उमटल्या होत्या.