माखनबाईची चौकशी

"हात ढिल्ला सोड व," सुगंधाबाई म्हणाली, आणि साबण लावून लावून स्वतःच्या हातातली एकेक बांगडी उतरवून सुनेच्या हातात चढवायला लागली. घाई म्हणजे काय घाई! धाकटा वना स्टँडवरून पळत आला होता, जळगावचा नवा जमादार सायकलवरून आलाय, पानाच्या टपरीवर आपलंच घर विचारतोय. आणि नशिराबादेत घर सापडायला असा किती वेळ लागतो?

सून म्हणजे माखनबाई. खरं नाव मा खिन, ब्रह्मदेशातली. तिकडून आपल्या लोकांना घालवून दिलं, तेव्हा सुगंधाबाईचा थोरला, लोटन, रंगूनहून बोटीनं तिला आणि कडेवरच्या पोराला घेऊन घरी आला. तिचा इथं राहायचा परवाना दरवर्षी वाढवायचा, आणि वाढवण्याआधी पोलीस घरी येऊन बघून जायचे, नवरा-बायको एकत्र राहतात ना. आता काय दाखवणार? लोटन काविळीनं गेला त्याला महिनासुद्धा झाला नव्हता.

नवरा नाही तर परवाना नाही, असं सगळे म्हणत होते. बाईला परत पाठवतील, पोरगं बापाच्या देशाचं, ते इथंच राहील. खरं-खोटं देव जाणे, पण कचेरीत जाऊन विचारायची छाती कुणाची?

बांगड्या झाल्या. सुगंधाबाईनं गळ्यातली काळी पोतही काढली आणि सुनेच्या गळ्यात बांधली. मग कुंकवाचा करंडा उघडला.

"आत्याबाई, नको," माखनबाई मागे सरकली. "पाप."

"पोराले सोडून ब्रह्मदेशाले जाशीन का? नाही ना? मंग गप ऱ्हाय."

कपाळावर बोट टेकलं आणि बाहेर सायकलची घंटी वाजलीच.

जमादार पोक्त होता, घामाघूम झालेला. ओट्यावर टेकला, गडवाभर पाणी प्यायला, मग दारात उभ्या माखनबाईकडं नीट बघितलं. कुंकू, पोत, हिरव्या बांगड्या. "ही ती बाई? आणि नवरा कुठंय?"

"दिल्लीले गेला," सुगंधाबाई पदराआडून म्हणाली. "केळीच्या वॅगनीसंगं."

वॅगनीबरोबर माणसं जायचीच दिल्लीला, जमादारालाही ठाऊक होतं. त्यानं मान हलवली. झालं, सुटलो, असं वाटत होतं, आणि तेवढ्यात वनानं काय करावं? गडवा उचलायला वाकला आणि डोक्यावरची टोपी पडली. तुळतुळीत डोकं, नुसते खुंट उगवलेले.

"अरे," जमादार म्हणाला. "सुतक होतं की काय? कोण गेलं घरातलं?"

वनानं टोपी उचलली आणि आईकडं बघितलं. माखनबाईला मराठी फार येत नव्हतं, पण एवढं कळलं. तिनं पोराला जवळ ओढलं.

सुगंधाबाईनं तोच पदर घेतला आणि कपाळ पुसलं. घाम पुसावा तसं, एकदाच, जोरात. पुसताना तिचे मोकळे हात जमादाराला दिसले.

"याचा बाप," ती म्हणाली, वनाकडं बोट करून.

जमादारानं टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि नेमका त्याच वेळी गल्लीतून कोण यावं? जीवराम. सुगंधाबाईचा नवरा. डोक्यावर गवताचा भारा, तो त्यानं दारापाशी टाकला. "कोन आलं व?"

"हे कोण?" जमादारानं विचारलं.

जीवरामनं बायकोकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ते कपाळ असं कोरं त्यानं कधी बघितलं नव्हतं. मग सुनेच्या हाताकडं बघितलं.

"शेजारचे आहेत," सुगंधाबाई म्हणाली. तिनं त्याच्याकडं मान वर केली नाही. "येतात बिचारे. आमच्या ढोराईले गवत टाकून जातात."

जीवराम ओट्याच्या कडेला बसला. "हो," तो म्हणाला. "शेजारीच मी."

पोरगं आईचा हात सोडवून धावत आलं, "आबा!" करत त्याच्या मांडीवर चढलं. वनानं जमादाराकडं बघितलं. पण म्हाताऱ्या माणसाला आबा कोण म्हणत नाही? जमादार हसला. "लळा लावलाय तुम्ही."

"ल्हान आहे," जीवराम म्हणाला.

"गेलेला म्हातारा कसा होता हो?" जमादारानं विचारलं.

जीवराम पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. "कसा व्हता... साधाच व्हता. थोरल्या पोरावर त्याचा लई जीव व्हता."

जमादारानं 'पती-पत्नी एकत्र राहतात' असं लिहून घेतलं, माखनबाईचा अंगठा घेतला आणि उठला. भला माणूस होता. घरात माणूस गेलेलं, नुसतं कसं निघायचं? सुगंधाबाईपाशी जाऊन थांबला.

"बाई, जाणारा गेला. पण कर्ता-सवरता मोठा मुलगा आहे ना पाठीशी? मग तुम्हाला कसली काळजी?"

सुगंधाबाई उंबऱ्याच्या आत खाली बसली. लोटनला उचललं तेव्हा रडली नव्हती, पण आता ती अशी काही रडायला लागली की शेजारची धुरपदाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दाराशी आली. जमादार बिचारा घाबराच झाला. "रडू द्या, रडू द्या," म्हणत सायकलकडं गेला.

जीवराम पोराला खाली ठेवून बायकोकडं जायला उठला. पण जमादार अजून गेला नव्हता, सायकलची घसरलेली चेन बसवत होता. जीवराम उंबऱ्यापाशी थांबला, आणि परत ओट्यावर जाऊन बसला.