विमान जाईपर्यंत

दोन वाक्यं बोलली की आत्याला गाळा मिळणार होता. पक्क्या छपराचा, स्वतंत्र मीटरचा, नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. उभा जन्म रस्त्याकडेला इस्त्री फिरवलेल्या बाईला सौदा काही वाईट नव्हता.

शहराचा जुना विमानतळ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. धावपट्टीवर इमारती उगवल्या होत्या आणि प्रवाशांच्या जुन्या प्रतीक्षागृहात कंपनीने संग्रहालय थाटलं होतं. आज त्याचं उद्घाटन. खरी मेख वेगळीच होती. सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवर कंपनीला हेलिकॉप्टर उतरवायचं होतं आणि शेजारच्या वस्तीची त्याला हरकत होती. आत्या त्याच वस्तीतली, सगळ्यांचीच आत्या. वस्तीतलंच कुणी माइकवर गोड बोललं, तर हरकतीतली हवाच निघून जाणार.

“‘विमानांचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. उलट करमणूक व्हायची.’ एवढंच,” कंपनीच्या साहेबाने पुन्हा एकदा पढवलं.

“बोलून टाका हो आई,” सून म्हणाली. “जीभ काही झिजत नाही.”

“तुझ्या सासऱ्यांना ऐकू यायचं तेव्हा झिजावी म्हणून ते नवस बोलायचे.”

सासरे पहिल्या रांगेत बसले होते. विमानांत सामान चढवता चढवता त्यांचे दोन्ही कान गेले होते.

आत्या माइकपुढे उभी राहिली.

“विमानांचा आम्हाला कधी...”

आणि थांबली. उजवा तळवा वर केला.

ही वस्तीची जुनी रीत. डोक्यावरून विमान जाऊ लागलं की बोलणारा होता त्या शब्दावर थांबायचा, तळवा वर धरायचा. विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू. भांडणंसुद्धा अशीच हप्त्याहप्त्याने चालायची.

मागच्या खुर्चीवरचा चांभार कुजबुजता कुजबुजता गप्प झाला. त्याने तळवा वर केला. मग दूधवाल्याने. मग सगळ्या वस्तीने. पाहुणे छताकडे बघू लागले. साहेबाने माइकवर टिचकी मारून पाहिली.

“बोला ना.”

आत्या हलली नाही. विमानाला लागायचा तेवढा वेळ तिने पुरता घेतला. मग हात खाली आणला.

“...त्रास झाला नाही, असं बोलण्याबद्दल मला गाळा मिळणार आहे. हे एक विमान गेलं. दिवसभर अशी जायची.”

साहेबाने माइक काढून घेतला. तोवर मागे हसू पसरलं होतं.

“गेला गाळा,” सुनेने कपाळाला हात लावला.

पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या नवऱ्याचा तळवा अजून वरच होता. विमान गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याने तो धरून अलगद त्याच्या मांडीवर ठेवला.

“जाऊ दे,” ती सुनेला म्हणाली. “दोन कान आपल्या घराने आधीच दिलेत. जीभ मिळायची नाही.”