रिंग जाते

"एकच ओळ उघडी राहिलीय, ताई." साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बाकी सगळ्या पोरांचा पत्ता लागला. हा एक पठ्ठ्या काही हाती लागत नाही."

पडद्यावर हिरव्या ओळींच्या मधोमध एक पिवळी होती. या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं, नोकरी लागली की घरी बसले, हे आता संकेतस्थळावर कुणालाही बघता येणार होतं. पण पिवळी ओळ मिटल्याशिवाय पान उघडणार नव्हतं.

"'संपर्क नाही' लिहून मोकळ्या व्हा."

"फोन बंद असेल तरच तसं लिहिता येतं, साहेब. याची रिंग जाते."

"मग 'नोकरी' लिहा," शेजारच्या टेबलावरून कारकून म्हणाला. "शंभर टक्के होतील. कॉलेज खूश, आपण खूश."

"आणि ते वाचून कुणी आपलं पोर इथे घातलं तर?"

"सत्याच्या ठेकेदारच तुम्ही!" तो हसला. "रोज त्यालाच फोन. प्रेमात पडलात की काय?"

हंगामी कामावर ती नुकतीच लागली होती. मुलाखतीत तिने एवढंच विचारलं होतं, की माहिती कुठल्या वर्षाच्या मुलांची गोळा करायची आहे. पगाराचा विषयही काढला नव्हता.

साहेबांनी पर्यायांच्या यादीवरून बोट फिरवलं. "'मृत' हा एक रकाना उरतो. तो भरला की पोरगा गणतीतूनच उडतो. जणू इथे कधी शिकलाच नाही." मग त्यांनी जीभ चावली. "छे, भलतंच! रिचार्ज कुणीतरी भरतंय म्हणजे स्वारी धडधाकट आहे."

"हो," ती म्हणाली. "'संपर्क नाही' लिहिलं तर गणतीत राहतो ना?"

"राहतो की. पण त्यासाठी फोन बंद पाहिजे, तुम्हीच म्हणता."

तेवढ्यात सकाळी चौकशी करून गेलेली एक मुलगी पुन्हा खिडकीशी आली. "पान उघडलं का हो? अर्जाची मुदत उद्या संपतेय. बाबा म्हणतात, आकडे बघितल्याशिवाय कर्ज काढणार नाही."

तिने मुलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "उद्या सकाळी नक्की उघडेल, बाळा."

"कशाच्या जोरावर सांगताय?" मुलगी गेल्यावर साहेबांनी विचारलं.

"घरून एकदा लावून बघते. संध्याकाळी माणसं फोन उचलतात."

घरी आल्यावर तिने चप्पल काढली, दिवा लावला आणि नंबर फिरवला.

आतल्या खोलीतून रिंग ऐकू आली.

ती थांबेपर्यंत तिने ऐकून घेतली. पुन्हा लावला आणि आत गेली. अभ्यासाच्या टेबलावर, हार घातलेल्या फोटोशेजारी फोन थरथरत होता. त्याच्या पडद्यावर उजळलं होतं, 'आई'.

जुनी बॅटरी सकाळपर्यंत टिकणार नव्हती. तिने चार्जरची पिन काढली.